काळीजकुलूप

आधीच सांगून ठेवते, मी घाबरट बाई नाही. एसटीत कंडक्टर होते, आणि तेही सातारा-महाबळेश्वर घाटात. दारात लोंबकळणाऱ्या पोरांना नुसत्या आवाजाने आत ढकललंय. पिऊन आलेल्या दोन पैलवानांना मेढ्याला उतरवून पुढे गाडी काढलीय. अशा बाईला, म्हणजे मला, सुनंदा काटकरला, वीतभर फोनने म्हणावं, "मालक भयभीत वाटतात. सुरक्षेसाठी फोन थोडा वेळ बंद राहील." मला किती राग आला असेल, तुम्हीच सांगा.

बरं, एकदा म्हणाला असता तर सोडून दिलं असतं. पण रोज! आणि रोज सकाळी, अजिंक्यताऱ्यावर, मंगळाईच्या देवळाजवळच्या त्या एकाच कट्ट्यावर!

नीट पहिल्यापासून सांगते.

फोनला आधी आकडे होते, मग बोट आलं, मग चेहरा. बोटाचे ठसे चोरांनी फोटोतून उचलले. लग्नात कुणी हात हलवून फोटो काढला की ठसा गेलाच. चेहऱ्याचं तर बोलायलाच नको. चार व्हिडिओ मिळाले की त्यावरून बोलता-हसता मुखवटा तयार. आमच्या आळीतल्या एकाचा असा मुखवटा त्याच्या बायकोशी फोनवर पाऊण तास बोलला. ती बिचारी म्हणते, "इतकं गोड ते जन्मात बोलले नव्हते, तिथंच मला संशय यायला हवा होता."

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की माणसाकडे चोरता न येणारं असं काय उरलंय? तर काळीज. हृदय दर ठोक्याला विजेची एक बारीक लाट सोडतं. दवाखान्यात कागदाच्या पट्टीवर वरखाली रेघ काढतात ना, तीच ती. ही रेघ ज्याची त्याची वेगळी असते, कारण कुणाचं हृदय छातीत जरा आडवं बसलेलं, कुणाचं उभं, कुणाच्या भिंती जाड, कुणाच्या पातळ. ठोके हळू पडोत की भराभर, रेघेची ठेवण फारशी बदलत नाही. फोनच्या दोन्ही कडांना धातूची पट्टी बसवली, दोन्ही हातांनी धरला की तो रेघ वाचतो आणि आपल्या माणसाला ओळखून उघडतो. सरकारी नाव हृदयमुद्रा. आमच्या साताऱ्यात म्हणतात काळीजकुलूप.

एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण काळीज चोरता येत नाही म्हटल्यावर चोरांनी काळजाचा मालकच धरायला सुरुवात केली. चाकू लावायचा आणि म्हणायचं, धर फोन. त्यावर कंपन्यांनी दुसरी युक्ती काढली. माणूस भ्याला की ठोके धावतात, ठोक्यांमधलं अंतर बदलतं, तळव्याला बारीक घाम फुटतो. हे दिसलं की फोनने उघडायचंच नाही. उलट घरच्या एका माणसाला, ज्याला राखणदार नेमलंय त्याला, जागेसकट निरोप धाडायचा.

माझा राखणदार म्हणजे माझा मुलगा ऋतुराज. पुण्यात असतो. गुणी पोरगा, पण काळजीखोर. त्याचे वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता, तेव्हापासून मी साधी शिंकले तरी त्याला ॲम्ब्युलन्स दिसते. वाढदिवसाला नवा फोन घेऊन आला, माझे हात धरून त्यावर ठेवले, स्वतःच सगळं जुळवलं आणि म्हणाला, "आई, आता मी निर्धास्त."

मी काय म्हणणार? हो म्हटलं. राखणदार म्हणजे नेमकं काय काय बघणार, हे विचारायचं सुचलंच नाही.

आता आमच्या किल्ल्याबद्दल. रोज सकाळी अजिंक्यतारा चढायचा, ही साताऱ्यातल्या निम्म्या माणसांची सवय. आमचाही एक ग्रुप आहे, तारा मंडळ. त्यात बर्गे सर, शाळेतून निवृत्त. मुमताज बागवान, सरकारी दवाखान्यात नर्स होती, माझी जिवाभावाची मैत्रीण आणि तितकीच तिखट. मी. आणि ओतारी. भालचंद्र ओतारी, वीज मंडळात लाइनमन होते. वादळात पोलवर चढून तारा जोडणारा माणूस. बोलणं अगदी कमी, पण पाठीवरच्या पिशवीत थर्मास आणि कप कायम.

मंडळाचा एकच नियम. वर पोचलं की ज्याची पाळी असेल त्याने फोटो काढायचा आणि "शुभ सकाळ" म्हणून ग्रुपवर टाकायचा. खाली गुडघे धरून बसलेले जे मेंबर आहेत, ते त्या फोटोवर जगतात. फोटो यायला उशीर झाला की लगेच, "काय हो, देवळापर्यंत पोचलात की वाटेत बसलात?" फक्त ओतारींची पाळी आली की ते मान हलवायचे. "माझा फोन अडतो हो. तुम्हीच काढा." आम्ही त्यांची भरपूर थट्टा करायचो. वीज मंडळाचा माणूस आणि फोन चार्ज नाही, असं बर्गे सर म्हणायचे. ओतारी नुसते हसायचे आणि चहा ओतायचे.

नवा फोन आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझी पाळी आली. फोन काढला, दोन्ही हातांत धरला. तेवढ्यात शेजारून ओतारी म्हणाले, "मॅडम, साखर कमी घातलीय. काल तुम्ही म्हणालात ना, गोड होतो म्हणून."

काल मी मुमताजला म्हणाले होते. त्यांना नाही. म्हणजे या माणसाने ते ऐकलं, लक्षात ठेवलं, आणि पहाटे उठून साखर मोजताना त्याला माझी आठवण झाली.

फोन थरथरला आणि बंद पडला.

पुढच्या क्षणी ऋतुराजचा कॉल. कॉल घ्यायला कुलूप उघडावं लागत नाही, एवढी अक्कल त्या कंपनीने ठेवलीय. "आई! कुठंयस? कोण आहे तिथं? काय झालं?"

"काही नाही रे."

"काही नाही कसं? भीतीचा निरोप आलाय!"

समोर कप घेऊन ओतारी उभे. आता पोराला काय सांगायचं, की साखर कमी होती? तोंडाला येईल ते बोलले. "वानर! वानर आलं होतं अंगावर. गेलं."

झालं. त्या एका वानरापायी पुढचं सगळं रामायण.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन बंद. पुन्हा कॉल, पुन्हा वानर. दुकानात दाखवला, तर पोऱ्याच्या समोर गपकन उघडला. "मावशी, फोन एकदम ओके आहे." बाजारात उघडायचा, घरी उघडायचा, किल्ला चढताना धापा टाकत असले तरी उघडायचा. कारण पावलं मोजणारं यंत्र आतच असतं; चालण्याने धावणारे ठोके तो वजा करतो. अडायचा तो फक्त कट्ट्यावर, थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज झाला की.

तिसऱ्या दिवशी मुमताजने मला देवळामागे ओढलं. "सुनंदा, माझ्या डोळ्यांत बघ. वानर कुठंय?"

"असतं एखादं."

"त्या वानराला टक्कल आहे का? आणि थर्मास?"

"मुमताज, तोंड सांभाळ!"

"मी आयुष्यभर लोकांच्या नाड्या धरल्या गं," ती खो खो हसत म्हणाली. "ऐक. माणूस वाघासमोर उभा राहिला की रक्तात जे उतरतं ना, तेच आवडत्या माणसासमोर उतरतं. तेच रसायन, तीच धडधड, तोच तळव्याचा घाम. भ्यालेलं काळीज आणि भुललेलं काळीज, रेघेवर दोघांत फरक करता येत नाही. डॉक्टरला येत नाही, तर तुझ्या फोनला काय येणार?"

"या वयात?"

"काळजाला कुठं वय विचारून धडधडायचं असतं?"

मी चिडून निघून आले. पण उतरताना सबंध वाट मी एकटीच हसत होते, हे खरं. आणि राग फोनचा येत होता. अरे, तू कुलूप आहेस ना? मग माणूस कोण ते बघ आणि दार उघड. आत काय चाललंय त्यात नाक कशाला खुपसतोस? आणि खुपसलंस तर खुपसलंस, ते पुण्याला कशाला कळवतोस?

हीच गोष्ट मी एकदा कट्ट्यावर काढली, अर्थात माझं नाव न घेता. बर्गे सर छाती काढून म्हणाले, "माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही. बघू दे कुणाला काय बघायचं ते."

"मग सर, बाथरूमची कडी का लावता?" मी विचारलं.

सगळे हसले. ओतारीही हसले. ते हसले आणि माझा खिशातला हात घामेजला.

इकडे ऋतुराज गप्प बसणाऱ्यांतला नाही. त्याने वनखात्याकडे तक्रार केली. अजिंक्यताऱ्यावर हिंस्र वानर, ज्येष्ठ महिलेला रोज त्रास. आठवड्याच्या आत खाकीतला एक माणूस पिंजरा आणि केळ्यांचा घड घेऊन देवळाजवळ येऊन बसला. मला त्याच्याकडे बघवेना. मुमताज रोज त्याला मोठ्याने विचारायची, "काय, सापडलं का वानर?" आणि माझ्याकडे बघून डोळा मारायची.

मग ऋतुराजचा कॉल आला. आवाज अगदी ठरलेला. "आई, मी शनिवारी येतो. रविवारी तू माझ्याबरोबर पुण्याला चल. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवू. आता इकडे पुण्यातच राहा. वानर असो नाहीतर आजार असो, तो किल्ला बंद."

किल्ला बंद! माझ्या हातातली पळी कढईत पडली. नोकरी गेल्यावर, म्हणजे बस आपली आपण तिकीट द्यायला लागल्यावर, मी काही दिवस नुसती खिडकीत बसून असायचे. माणसांत राहिलेली बाई मी. या किल्ल्याने मला पुन्हा उभं केलं. आणि आता त्या सकाळीच कुणी काढून घेणार? खरं कारण सांगितलं तर पोरगा काय म्हणेल? नाही सांगितलं तर सकाळ जाते. मी पार कात्रीत सापडले.

मी एक उपाय केला. निरोपच गेला नाही तर तो कशाला नेईल? म्हणून कट्टा सोडला आणि देवळाच्या मागच्या बाजूला एकटी बसायला लागले. फोन कसा शहाण्यासारखा उघडत होता! फोटो काढत होता, बातम्या दाखवत होता. आणि मला कशात म्हणून राम वाटत नव्हता. घरी येऊन चहा केला तर तोही गोड झाला.

एका सकाळी ओतारी मागे आले. दोन हात लांब उभे राहून म्हणाले, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नाही हो. इकडे ऊन छान येतं."

ते ढगाळ आभाळाकडे बघत राहिले. मग "बरं," म्हणाले आणि गेले. त्यांच्या हातात दोन कप होते. मला रडूच आलं.

शनिवारी ऋतुराज आला. त्याने माझी बॅग माळ्यावरून काढून पलंगावर ठेवली. मी दोन साड्या घडी करून त्यात घातल्या आणि म्हणाले, "उद्या सकाळी शेवटचं वर जाऊन येते."

"मी पण येतो. ते वानर मला बघायचंच आहे."

दुसऱ्या वळणावरच तो दगडावर बसला. मी त्याच्यासमोर फोन धरला, उघडून दाखवला. "बघ. एवढं चढले तरी माझं काळीज ठणठणीत आहे. डॉक्टर कशाला?"

त्याच्या कपाळावरची आठी उलट वाढली. "म्हणजे दम लागून होत नाही. वरच काहीतरी आहे. आई, फोन हातातच धर. सोडू नकोस." ताप मोजायला थर्मामीटर धरावा तसा मी तो दोन्ही हातांत धरून वर गेले.

वर गेल्या गेल्या त्याने खाकीवाल्याला गाठलं. "वानर कुठल्या बाजूने येतं?"

तो माणूस दोन्ही हात जोडून उभा राहिला. "साहेब, खरं सांगू का? इथं वानर नाही. एकसुद्धा दिसलं नाही. ही केळी मीच खातोय."

ऋतुराज सावकाश माझ्याकडे वळला. तेवढ्यात समोरून ओतारी आले. कितीतरी दिवसांनी मी कट्ट्याजवळ दिसले, म्हणून तोंड भरून हसत आले. कप पुढे केला. "मॅडम, आज तरी घ्या. साखर कमीच आहे."

माझ्या हातातला फोन थरथरला. त्याच क्षणी ऋतुराजच्या खिशातून भोंगा वाजला, सगळा कट्टा दचकला एवढ्या मोठ्याने. त्याने फोन बघितला, मला बघितलं, ओतारींना बघितलं.

"काका, तुम्ही आईला काय बोललात?"

"चहा घ्या म्हटलं."

"रोज इथूनच निरोप येतो. गेले काही दिवस ती देवळामागे बसत होती, तर एकदाही आला नाही. आज तुम्ही जवळ आलात आणि लगेच आला."

"थांब," मी म्हटलं. "मी कुठं बसते ते तुला कसं कळतं?"

"राखणदाराला दिसतं, आई. ते सोड. काका, तुम्ही हिला कसली धमकी देताय? खरं सांगा!"

बर्गे सर व्यायाम करत होते, त्यांचे हात वरच राहिले. ओतारींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कप कट्ट्यावर ठेवला, थर्मासचं झाकण लावायला घेतलं आणि खाली मान घालून म्हणाले, "माझ्यामुळे मॅडमना भीती वाटत असेल, तर मी उद्यापासून येत नाही."

झाकणाचे आटे जुळत नव्हते. ते तसंच फिरवत होते. मी पाहिलं, की आता मी गप्प राहिले तर हा भला माणूस मान खाली घालून हा किल्ला उतरेल आणि पुन्हा कधी चढणार नाही. आणि मी पुण्याला जाऊन डॉक्टरच्या बाकड्यावर बसेन.

"थांबाऽऽ!"

तो माझा गाडीतला आवाज होता. किती वर्षांनी निघाला. खाली रस्त्यावरच्या बोगद्यापर्यंत गेला असेल.

"ऋतू, या माणसाने मला काही केलेलं नाही. धमकी नाही, त्रास नाही. मला ते आवडतात. आवडतात म्हणून धडधडतं! वानर नव्हतं, आजार नव्हता, काही नव्हतं. मी खोटं बोलले, कारण ही गोष्ट माझी होती आणि ती माझ्याआधी तुझ्या खिशात जाऊन वाजत होती. झालं समाधान?"

खाकीवाल्याने अर्धं सोललेलं केळं तसंच हातात धरलं होतं. ऋतुराजचं तोंड उघडं. ओतारींकडे बघायची माझी हिंमत होईना.

शेवटी मुमताजच सावरली. "अगं बाई! अरे, फोटो काढा कुणीतरी! ओतारी, पाळी तुमची आहे. आज काढायलाच पाहिजे!"

ओतारींनी खिशातून फोन काढला. दोन्ही हातांत धरला. "माझा उघडणार नाही," ते म्हणाले.

"आजसुद्धा?" बर्गे सरांनी हात खाली घेतले. "अहो, चार्ज करत जा!"

"चार्ज आहे हो." त्यांनी फोन आमच्याकडे फिरवला. त्यावर लिहिलं होतं, मालक भयभीत वाटतात.

मुमताजने ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. "कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून," ओतारी म्हणाले. "मॅडम ग्रुपमध्ये आल्या ना, त्या दिवसापासून. त्या इथं येऊन बसल्या की हा बंद. मी उतरून पार राजवाड्यापर्यंत गेलो की उघडतो."

म्हणजे आम्ही ज्याची थट्टा करत होतो ते हे होतं. वादळात पोलवर ज्याचा हात कधी कापला नाही, त्या माणसाचं काळीज मी कट्ट्यावर बसले की उड्या मारत होतं. आणि हे तो इतके महिने थर्मासच्या झाकणाखाली झाकून ठेवून होता. मला इतका आनंद झाला की मी मटकन खालीच बसले.

ऋतुराजने हळूच विचारलं, "काका, तुमचा राखणदार कोण?"

"माझी मुलगी. कोल्हापूरला असते."

"तिला निरोप जात नाहीत?"

"जातात की. रोज जातात. पहिल्या दिवशी तिने फोन केला. म्हणाली, बाबा, घाबरलात की खूश आहात? मी म्हटलं, खूश आहे. ती म्हणाली, मग ठीक आहे. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही."

ऋतुराज माझ्या शेजारी येऊन बसला. चपलेने माती उकरत म्हणाला, "आई, मला हे विचारायचं सुचलंच नाही गं."

"मला माहीत आहे बाळा. तू काळजीनेच केलंस." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मी किती माणसांना तिकिटं दिली असतील. कुठं जायचं ते प्रत्येकाला विचारलं, कशाला जायचं ते कधी कुणाला नाही. दोन तिकिटं वेगवेगळी काढून शेजारी शेजारी बसणारी जोडपी काय मला दिसत नव्हती? दिसत होती. घंटी मारायची आणि गाडी सोडायची."

तो हसला. डोळे पुसत हसला. मग उठला, ओतारींच्या समोर गेला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. ओतारी इतके गडबडले की थर्मास हातातून सुटला आणि कट्ट्यावरून घरंगळत निघाला. खाकीवाला त्याच्यामागे धावला. बर्गे सर टाळ्या वाजवायला लागले. मुमताज पदराने डोळे पुसत ओरडत होती, "अरे फोटो! फोटो! हे पुन्हा नाही मिळायचं!"

तिने स्वतःचा फोन काढला. दोन्ही हातांत धरला. फोन बंद! "अगं, माझापण!" बर्गे सरांनी काढला, तोही बंद. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यांचाही मालक भयभीत. ऋतुराजने काढला, बंद. थर्मास घेऊन परत आलेल्या खाकीवाल्याने मोठ्या ऐटीत आपला सरकारी फोन पुढे केला; तोही थरथरला आणि काळा झाला. आम्ही एकमेकांच्या हातातले बंद फोन बघत होतो आणि पोट धरधरून हसत होतो. जितके हसत होतो तितके ते फोन घट्ट बंद होत होते. ऋतुराजच्या खिशात भोंगा वाजत होता, कोल्हापुरात वाजत असेल, मुमताजच्या सुनेकडे वाजत असेल. वाजू दे म्हटलं.

त्या सकाळचा फोटो कुणाकडेच नाही. खालच्या मेंबरांनी दिवसभर विचारलं, आज शुभ सकाळ का नाही? आम्ही कुणीच उत्तर दिलं नाही. ओतारींनी उरलेला चहा सगळ्यांना पुरवून पुरवून ओतला. माझ्या कपात जरा जास्त होता, ते मी बघितलं आणि बोलले नाही.

घरी आल्यावर काळीज जाग्यावर आलं, फोन उघडला, आणि ऋतुराजने माझ्यासमोर बसून राखणदार काढून टाकला. बोट माझं होतं, त्याने नुसतं कुठं दाबायचं ते दाखवलं. भीतीचं कुलूप मी ठेवलं, चाकूवाले अजून आहेतच. फक्त निरोप बंद. बॅगेतल्या दोन साड्या मी परत कपाटात ठेवल्या. दुपारी तो एकटाच पुण्याला गेला. जाताना कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन गेला, सायलीला, म्हणजे सुनेला, बातमी सांगायला काहीतरी गोड हवं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावर बसले होते, माझ्या नेहमीच्या जागी. ओतारी शेजारी. आज दोन हात लांब नव्हते. त्यांनी थर्मास उघडला, तेवढ्यात माझा फोन वाजला.

"आई, आता मला निरोप येत नाहीत."

"यायचे नाहीतच."

"मग मला कळणार कसं?"

"विचारायचं. फोन करायचा आणि विचारायचं."

पलीकडे तो घसा खाकरून म्हणाला, "बरं. विचारतो. आई, घाबरली आहेस की खूश आहेस?"

ओतारींनी कप माझ्या हातात दिला. देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली आणि तिथंच राहिली. समोर बर्गे सर मुद्दाम दुसरीकडे बघत होते. खाली सगळा सातारा ऊन खात पसरला होता, आणि माझं काळीज असं धावत होतं की फोन दिवसभर उघडला नसता.

"दोन्ही रे," मी म्हटलं. "ठेव आता, चहा गार होतोय."